एकेचाळीस नव्वद

“पाच मिनिटं,” परीक्षक म्हणाला आणि त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “या फाइलीत जिथं नव्वद आहे तिथं साठ करायचं. बस, एवढंच.”

एवढंच! नऊ वर्षांनी नोकरी मागायला आलेल्या बाईला ‘एवढंच’ म्हणायला कुणाचं काय जातं? ही तिची तिसरी मुलाखत. पहिल्या दोन ठिकाणी “मधली नऊ वर्षं काय करत होता?” असं विचारून, चहा पाजून तिला घरी पाठवलं होतं. आज निघताना नणंद दारातच म्हणाली, “वहिनी, कॉम्प्युटर तरी ओळखेल का गं तुला आता?” सगळे हसले. तीही हसली होती, आणि त्याचाच तिला आता राग येत होता.

फाइल एका धुलाई यंत्राच्या प्रोग्रॅमची होती. लाँड्रीतलं यंत्र, माणूस आत उभा राहील एवढं मोठं. दवाखान्यांच्या चादरी धुणारं. चादरी पिळायला ते नव्वद सेकंद घेत होतं, आणि लाँड्रीवाल्यांना ते काम साठ सेकंदांत उरकायला हवं होतं. गिऱ्हाइकाला घाई नाही असं कधी झालंय?

तिनं आधी एडिटरचं ऑटोकरेक्ट बंद केलं.

“ते कशाला?” परीक्षकानं विचारलं.

“मी लिहिताना त्यानं मध्येमध्ये शहाणपणा केलेला मला चालत नाही, सर.”

मग तिनं शोधायच्या चौकटीत नव्वद टाकलं. एकेचाळीस ठिकाणी सापडलं. शेजारीच ‘रिप्लेस ऑल’चं बटण होतं. एकदा दाबलं की काम फत्ते. तिनं ते सोडलं आणि एकेका नव्वदपाशी थांबून विचारणारा पर्याय घेतला.

“मॅडम, तुमच्या आधी आलेल्या उमेदवारानं हे चार सेकंदांत केलं.”

“हो, सर.”

ओळ वाचायची, नव्वदचे साठ करायचे, पुढं जायचं. बोटांना सवय होती, पण डोळे अडखळत होते. अकराव्याला चुकून कळ दोनदा दाबली गेली, बारावा न वाचताच बदलला, मग मागं येऊन तो पुन्हा वाचावा लागला. परीक्षकानं घड्याळाकडं पाहिलं आणि ते पाहिल्याचं तिला कळेल याचीही काळजी घेतली. तीन मिनिटं संपली तेव्हा ती जेमतेम सतराव्यावर होती. टाक ते ‘रिप्लेस ऑल’ दाबून आणि हो मोकळी, असं मनात येऊन तिचं बोट माउसवर गेलंसुद्धा. का कुणास ठाऊक, ते तिनं मागं घेतलं. नोकरी हातची चालली होती आणि ती आपली ओळी वाचत बसली होती.

“वेळ संपला.” परीक्षकानं तिचा फॉर्म पुढं ओढला. “ठीक आहे. आम्ही कळवू तुम्हाला.”

ती अठ्ठाविसाव्यावर थांबली होती. उठली मात्र नाही.

“हा नाही बदलायचा, सर.”

“मॅडम, बाहेर अजून चौघं बसलेत.”

“हा पिळण्याचा नव्वद नाही. दाराचा आहे.” तिचा आवाज चढला, आणि तो खाली आणायचं तिला सुचलं नाही. “मोटर बंद झाली तरी ड्रम फिरतच राहतो ना काही वेळ? तोवर दाराचं कुलूप उघडू नये म्हणून हे नव्वद सेकंद ठेवलेत. साठ केले तर ड्रम फिरत असतानाच दार उघडेल. चादरी काढायला कुणीतरी आत हात घालेल, सर.”

परीक्षक तिच्या खांद्यावरून वाकला. त्यानं ती ओळ वाचली, वरची वाचली, पुन्हा तीच वाचली.

“मुद्दाम ठेवलाय ना हा?” तिनं विचारलं. “आमची परीक्षा बघायला?”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“ही खरी फाइल आहे,” तो म्हणाला. “काल मीच बदलली. रिप्लेस ऑल करून. सोपं वाटलं म्हणून जुनी प्रत तुम्हा लोकांना दिली. नवी आज सकाळी यंत्रात घातलीय त्यांनी.”

पुढचं बोलायच्या आत त्यानं लाँड्रीला फोन लावला होता. घंटी वाजत राहिली. तीही खुर्चीतून उठून उभी राहिली. अखेर कुणीतरी फोन उचलला. मागं मोठी घरघर चालू होती.

“यंत्र चालू आहे?” परीक्षक ओरडला.

“पहिलीच फेरी आहे, साहेब. बंद करू का?”

“नको! बंद केलंत तर मिनिटभरात दार उघडेल. आधी सगळ्यांना दारापासून लांब करा. सगळ्यांना! मी फोनवर आहे.”

घरघरीतून कुणाला तरी हाका मारल्याचं ऐकू येऊ लागलं. परीक्षकानं फोन कानाला तसाच दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं तिच्यासाठी खुर्ची स्क्रीनजवळ सरकवली.

“बसा,” तो म्हणाला. “उरलेले तेरा बघा.”