पहिला गियर

मिस्त्रीने गियरबॉक्सचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा तसंच टेकवून ठेवलं.

"काय झालं?" स्टुलावर बसलेल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. जरा पुसून घेतो."

पुसण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या गियरचे दात झिजून बोथट झाले होते. दोन तर मुळापासून तुटले होते. तळाच्या काळ्या तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. वरचे तिन्ही गियर मात्र धडधाकट होते.

दाराजवळच्या खुर्चीत बाईंचे यजमान, वकीलसाहेब बसले होते. गेली तीस वर्षं गाव त्यांच्या हाताचं कौतुक ऐकत आलं होतं, बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून. ती बसकी, हिरवी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार त्यांनी कुणाला शिवू दिली नव्हती. त्या काळच्या गियरबॉक्समध्ये गाडी हलती असताना पहिला गियर सहज पडत नसे; चुकलं की दात करकरत झिजत. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावला न लावला असं करायचं, आणि मग गियर अलगद बसवायचा. "हे शिकवून येत नाही, हातातच असावं लागतं," असं ते पेट्रोल पंपावर भेटेल त्याला ऐकवत. बाई रोज दुसरी गाडी चालवत शाळेत शिकवायला जात. त्यांनाही हेच ऐकवून साहेबांनी या गाडीची किल्ली कधी दिली नव्हती. मिस्त्री नुकता धंद्यात पडला होता, तेव्हा पंपावर हे ऐकून तोही भारावला होता.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि साहेबांचा डावा हात गेला. गियरचा हात. आठ महिने गाडी कापडाखाली उभी होती. शेवटी बाईंनीच ती टोचन लावून इथे आणवली. जुना गियरबॉक्स काढा, पाच गियरचा नवा बसवा, मी चालवीन, असं त्यांनी सांगितलं. गियरचा दांडा तेवढा जुनाच ठेवा म्हणाल्या. त्यासाठी झाकण काढणं भाग होतं. "उघडू नका, धूळ जाईल," असं साहेब सकाळपासून चारदा म्हणाले होते. काढून टाकायच्या वस्तूत धूळ गेली तर काय बिघडतं, हे मिस्त्रीला तेव्हा कळलं नव्हतं.

आता कळलं. साहेब खुर्चीत पुढे सरकले होते. एरवी कोर्ट दणाणून सोडणारा माणूस आता त्या झाकणाकडे टक लावून होता.

बाईंनी पर्समधून चष्मा काढला. "बघू तरी, तीस वर्षं काय सांभाळलं ते." त्या उठल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीने झाकणावर हात दाबून ठेवला.

"बाई, तेल उडेल साडीवर. दात जसेच्या तसे आहेत. असा हात मी तरी दुसरा पाहिला नाही."

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"असं?" बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा मिटला आणि त्या स्टुलावर जाऊन बसल्या.

नवा गियरबॉक्स बसवायला सहा दिवस लागले. मागच्या चाकांकडे जाणारा मधला शाफ्ट दोन बोटं आखूड करावा लागला. सातव्या दिवशी बाईंनी गाडी बाहेर काढली. शेजारी साहेब होते. चौकातून वळून आल्यावर बाईंनी चालत्या गाडीतच पहिला गियर टाकला. नुसतं 'टक' झालं, तेही जवळ उभं राहिल्यावर ऐकू येईल इतकंच.

"काय हो, जमतंय का मला?" बाईंनी विचारलं.

"जमेल हळूहळू," साहेब म्हणाले. "आताच्या गियरबॉक्सला काय, कुणीही चालवील." मग काठी टेकत ते नळावर हात धुवायला गेले.

ते लांब गेल्यावर बाईंनी काच आणखी खाली केली.

"बरं केलंत त्या दिवशी, मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या. "हे फाटकातून गाडी काढायला लागले, की मी स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा करायचे. पोरांना ती करकर ऐकू जाऊ नये म्हणून."