चाटून लख्ख

कोल्हे, घुबडं, रेनडिअर बघून झाले, तरी टुंड्रावर आलेल्या पर्यटकांना अस्वलच हवं होतं. अखेर एक पांढरी अस्वलीण आली. तोंडातलं पिल्लू तिनं गाडीच्या पायरीशी ठेवलं आणि मागे सरून बसली.

"झोपलंय वाटतं," पर्यटकांतले पाटणकरकाका म्हणाले.

गाइड मृदुला उठून दाराशी गेली. अस्वलांना पिल्लं होईनाशी झाल्यावर सहल कंपनीनंच हे यंत्राचं पिल्लू या अस्वलिणीच्या कुशीत सोडलं होतं. अस्वलीण झोपली की मृदुला ते चार्ज करून यायची. आता नवं येणार म्हणून कंपनीनं जुन्याचं चार्जिंग थांबवलं होतं.

म्हणजे मी पिल्लू चार्ज करायची तेव्हा ही जागीच असायची, म्हणून आता माझ्याकडे घेऊन आली.

"ताई, दार उघडू नका," काका ओरडले.

मृदुलानं दार उघडून पिल्लू उचललं. त्याच्या पोटावरची फर केव्हाच झिजली होती, आणि आतला पत्रा चाटून चाटून लख्ख झाला होता.