पापणीची तालीम

चप्पल थेट कपाळावर बसली.

"हलली," अपेक्षा म्हणाली. "पापणी हलली तुमची. अशानं तुम्ही आंधळे व्हायचे नाहीत."

"जरा हळू फेक की."

"का? डॉक्टर काय फुलं उधळणार आहेत?"

मच्छिंद्रने कपाळ चोळलं आणि भिंतीला टेकून तो पुन्हा ताठ बसला. त्याला देशाच्या संघात जायचं होतं. एकदिवसीय सामने खेळणाऱ्या अंधांच्या संघात. अडचण एवढीच, की तो पुरेसा आंधळा नव्हता.

त्या क्रिकेटचा कायदाच तसा. चेंडूत छर्रे भरलेले असतात, तो खुळखुळत सरपटत येतो आणि फलंदाज कानांनी बघतो. संघात काही पूर्ण अंध, काही सावल्या दिसणारे आणि काही त्याहून थोडं जास्त दिसणारे घ्यावेच लागतात. मच्छिंद्रला सावल्या दिसत. पण सावल्या दिसणाऱ्यांच्या जागा केव्हाच भरल्या होत्या. उरली होती एकच जागा, पूर्ण अंधाची. तिच्यावर कसबा पेठेतल्या संभाजीचा हक्क होता. तो जन्मापासून अंध. वेताच्या खुर्च्या विणायचा आणि चेंडू बरा टाकायचा.

बरा म्हणजे नुसता बरा. मच्छिंद्रची गोष्ट वेगळी. त्याचा चेंडू जमिनीला इतका चिकटून जायचा, की वाटेतल्या मुंग्या माना खाली घालून त्याला जाऊ द्यायच्या. एकदा त्याने उडवलेली यष्टी शेजारच्या सोसायटीत जाऊन रुतली. तिथल्या आजींनी तिच्यावर घेवड्याचा वेल चढवला आणि दोन हंगाम शेंगा खाल्ल्या. यष्टी मागायला गेलेल्यांना त्यांनी दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, एवढंच सांगितलं.

असा गोलंदाज घरी बसवायचा? म्हणून ही तालीम. निवडीआधी डॉक्टर डोळे तपासणार, तेव्हा डोळ्यांवर काहीही चालून आलं तरी पापणी हलवायची नाही.

पुढे अपेक्षाच्या ध्यानात आलं, की डॉक्टर काही मारणार नाहीत, नुसतं डोळ्यांशी आणून थांबवतील. मग तीही आवाज न करता कधी लाटणं, कधी डाव, कधी झाडू नाकापर्यंत आणून थांबवू लागली. गणपतीत पापणी हलायची. नवरात्रातही हलायची, पण उशिरा. दसरा उलटल्यावर एका सकाळी तिने मोठी कात्री उघडी धरून डोळ्यांसमोर नाचवली. मच्छिंद्र बुद्धाच्या मूर्तीसारखा बसून राहिला.

"जमलं!" तिने टाळी वाजवली. "अहो, जमलं तुम्हाला!"

"जमलं?" मच्छिंद्र म्हणाला. मग जरा वेळाने हसला. "तालीम आहे बाई, तालीम."

लग्न ठरवताना अपेक्षाच्या वडिलांनी, रंगरावांनी, त्याला एकच प्रश्न विचारला होता. "माझी पोरगी दिसते का?"

"सावली दिसते."

"मग हरकत नाही. धड डोळ्यांच्या नवऱ्यांना तेवढीही दिसत नाही." आणि सगळे हसत असताना ते पुढे म्हणाले होते, "पण सावली आहे तोवरच हं. पूर्ण आंधळ्याच्या काठीला मी पोरगी बांधायचा नाही."

मच्छिंद्रचा कोथरूडला एसटीडी बूथ होता. आयटीतली पोरं संध्याकाळी अमेरिकेला फोन लावायला रांग लावत. पूर्वी तो मीटरच्या लाल आकड्यांना नाक टेकवून बिल वाचायचा. हल्ली म्हणायचा, "तुम्हीच वाचा साहेब. पुणेकर किती खरं बोलतो, ते बघतोय."

"मग, काय दिसलं?"

"अजून काहीच नाही."

लोक हसायचे. पुण्यात तेवढ्यावर माणूस हुशार ठरतो.

थंडीतल्या एका रविवारी मैदानाच्या कडेला मांडव घालून निवड झाली. डॉक्टरांनी आधी संभाजीला तपासलं, मग मच्छिंद्रला. टॉर्च डोळ्यांत मारला, काढला, पुन्हा मारला. त्याच्याशी बूथबद्दल गप्पा मारता मारता एकदम मूठ डोळ्यांवर आणली. कोपऱ्यात उभ्या अपेक्षाने स्वतःचे डोळे मिटून घेतले. मच्छिंद्रची पापणी हलली नाही.

"पूर्ण अंध," डॉक्टर म्हणाले.

मग गोलंदाजी झाली. ती बघून निवड समितीला काही बोलायलाच उरलं नाही. मच्छिंद्र आत, संभाजी बाहेर.

संभाजी काठी टेकत आला आणि त्याने मच्छिंद्रचा हात शोधला.

"अभिनंदन लेका. तुझी सावली गेली, हे मला कुणी सांगितलंच नाही बघ. पहिलं वर्ष फार वाईट असतं म्हणतात. मला अनुभव नाही, मी जन्माचाच. पण काही लागलं तर पेठेत ये."

मच्छिंद्रने मान हलवली. आपण मान हलवली हे संभाजीला दिसणार नाही, हेही त्याला सुचलं नाही.

 बसथांब्यावर अपेक्षाला रडू फुटलं.

"खऱ्या आंधळ्याची जागा खाल्ली आपण. आणि तो वर म्हणतो, काही लागलं तर ये! मला नाही पचायचं हे. मी परत जाते. डॉक्टरांना सांगते, यांना दिसतं म्हणून. सावली का होईना, दिसते."

ती वळली. मच्छिंद्रने तिला धरायला हात टाकला. हात तिच्या बाजूने निघून गेला आणि थांब्याच्या लोखंडी खांबावर आदळला. त्याने खांबच घट्ट धरला.

"अपेक्षा," तो खांबाला म्हणाला, "दसऱ्यापासून तू माझ्या डोळ्यांसमोर काय काय नाचवत होतीस, ते एकदा सांग तरी."