मास्तरांच्या उड्या

मास्तरांनी बुटांच्या नाड्या आवळल्या, मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि जमिनीत पुरलेल्या यंत्राशेजारी दणादण उड्या मारायला सुरुवात केली.

जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. गुडघे कुरकुरत होते, पण लय चुकत नव्हती. यंत्र त्यांच्या लेकीनंच बसवलेलं. ती शहरातल्या वेधशाळेत होती. घरामागच्या ज्वालामुखीच्या पोटात काय खदखदतंय, ते जमिनीच्या बारीकसारीक थरथरीवरून ओळखणं हे तिचं काम. "बाबा, याच्याजवळ शिंकायचंसुद्धा नाही," असं बजावून गेली, ती पुन्हा फिरकलीच नाही. फोन केला की म्हणायची, "डोंगर जरा शांत झाला की येते." मास्तर म्हणाले, ठीक आहे, मग डोंगराच्याच नावानं हाक मारू! आठवडाभर त्यांचा हा उद्योग चालला होता.

आज दुपारी दारात जीप थांबली. मास्तर गालातल्या गालात हसले आणि चहाचं आधण ठेवायला वळले.

"चहा राहू दे, बाबा. कपडे भरा. गाव रिकामं करतायत."

बाहेर भोंगा ओरडू लागला. समोरची बाई आजारी सासूला धरून पायऱ्या उतरवत होती. कुणाची तरी पोरं रडत होती. मास्तरांनी हातातलं चहाचं भांडं खाली ठेवलं. गंमत पार अंगाशी आली होती.

"अगं, थांबव हे सगळं!" ते कसेबसे म्हणाले. "तो डोंगर नव्हता. मीच होतो. तिथं उड्या मारत होतो. तुला बोलवायला दुसरं काही सुचेना." आणि वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी त्यांनी मान खाली घातली.

लेक त्यांच्या स्वेटरची घडी घालत राहिली.

"माहितीये मला. चार उड्या, मग दम खायचा, पुन्हा चार उड्या. अशी कवायत कुठला डोंगर करतो? अख्खं ऑफिस हसतंय आठवडाभर."

"मग गावाला कशाला पळवताय?"

तिनं बॅगेची चेन ओढली आणि बापाचा हात घट्ट धरला.

"कारण पहाटेपासून डोंगराभोवतीच्या सगळ्याच यंत्रांवर आणखी कुणीतरी हलतंय, बाबा. आणि ते दम खायला थांबत नाहीये."