खालच्या मजल्यावरची काठी

पन्नास दोरीउड्या झाल्या, तरी खालून काठी वाजली नाही.

वजन उतरवायला वृंदा रोज सकाळी घरातच उड्या मारायची, आणि दहावी उडी पडायच्या आत खालच्या मजल्यावर एकटे राहणारे दाबकेकाका छताला काठी ठोकायचे. “एकदाची बंद पडू दे ती काठी!” कालच ती चिडून म्हणाली होती.

आज तिने मुद्दाम पाय आपटले. खाली सामसूम. तिने दोरी बाजूला टाकली.

ती धावत जिना उतरली. काकांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. तिने दार बडवलं. “काका, शिव्या घाला हवं तर, पण बोला!”

आतून काठी वाजली. अगदी हळू, दाराच्या तळाशी, जमिनीलगत.