तीन हजार एकशे बारा मैल

क्राउझ गुडघे टेकून टॉर्चच्या उजेडात इंजिनावरचा नंबर वाचत होता, आणि हारलन मनातल्या मनात विनवत होता, की तो सांगाड्यावरच्या नंबराशी जुळू नये. नंबर जुळला. जुळणारच होता. सहा वर्षांपूर्वी ही मोटरसायकल घेताना हारलनने स्वतःच तो तीनदा ताडून पाहिला होता.

"अस्सल आहे," क्राउझ गुडघे झाडत उठला. ओमाहाहून तीन तास गाडी हाकत तो आयोवातल्या या गॅरेजपर्यंत आला होता. घरी त्याच्याकडे अशा चाळीस जुन्या मोटरसायकली काचेआड उभ्या होत्या. त्याने जी किंमत सांगितली ती हारलनने मोजलेल्या पैशांच्या दुप्पट होती.

डोरीनने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "चाळीस वर्षांच्या संसारात एकदा तरी तुझं म्हणणं खरं ठरलं."

हारलन कसनुसा हसला. १९५० सालची ही काळी व्हिन्सेंट मोटरसायकल दिसली तेव्हा त्याने नव्या स्वयंपाकघरासाठी साठवलेल्या पैशांना हात घातला होता. बायकोला तोंड द्यायला एकच शब्द हाताशी सापडला, गुंतवणूक. बँकेत पैसे कुजवण्यापेक्षा हे बरं, दर वर्षी भाव चढतो, म्हातारपणाची सोय होईल, असं बरंच काही तो बोलला होता. त्याची अटकळ होती, की ती चार दिवस धुसफुसेल आणि मग विसरून जाईल. पण डोरीनने त्याचा शब्द न् शब्द खरा मानला, आणि तिथंच घोडं अडलं.

त्याने हेल्मेटला हात लावला की ती विचारायची, रस्त्यावर खडी आहे ना? आभाळ भरून आलंय ना? गुंतवणूक कोणी पावसात फिरवतं का? यावर तो काय बोलणार? शब्द त्याचाच होता. मक्याच्या मळणीत धूळ उडते म्हणून तिने गाडीवर आपल्या हातची गोधडी घातली. दर वसंतात विम्याच्या कागदावर ती मीटरचा आकडा स्वतः वाचून लिहायची. तीन हजार एकशे बारा. सहाही वर्षं तोच.

"धावते कशी?" क्राउझने विचारलं.

हारलन म्हणाला, आपण ती चालवलेली नाही. एकदाही नाही. तेल वेळच्या वेळी बदलतो, दर रविवारी किक हाताने दाबून इंजिन फिरवतो, म्हणजे ते गंजून अडकत नाही. टाकीत मात्र पेट्रोलचा थेंब घातलेला नाही.

क्राउझचा चेहरा उजळला. मग तर फारच छान, आता मुळीच घालू नका, म्हणत त्याने खिशातून चेकबुक काढलं. तोही ती कधी सुरू करणार नव्हता.

डोरीन मात्र नवऱ्याकडेच बघत राहिली होती. "मग रोज जेवण झाल्यावर तासभर इथं येऊन काय करायचास? मला वाटायचं, काहीतरी दुरुस्त करतोस."

एकाहत्तर वर्षांच्या हारलनचे कान लाल झाले. गाडीच्या दोन्ही बाजूंना, धुळीने भरलेल्या फरशीवर बुटांच्या मापाचे दोन स्वच्छ ठसे होते. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "बसायचो."

"कुठं?"

त्याने हनुवटीने सीट दाखवली. "नदीच्या रस्त्याने पुलापर्यंत जायचो आणि परत यायचो. वळणं पाठ झालीत आता."

क्राउझ चेकवरची तारीख लिहिता लिहिता थांबला. शेजारच्या शेतात मळणीचं यंत्र घरघरत होतं.

"सहा वर्षं मी स्वयंपाकघरातला तो अडकणारा भांड्यांचा खण गुडघ्याने ढकलून लावतेय," डोरीन हळूच म्हणाली. "आणि तू इथं नुसता बसायचास?"

"नुसता नाही," हारलन म्हणाला.

त्या खणाची त्याला गाडीपेक्षा जास्त लाज वाटली. तिने एकदाही तक्रार केली नव्हती. म्हातारपणाची सोय होतेय, या भरवशावर ती तो खण ढकलत राहिली होती, आणि तो भरवसा त्याने थाप मारून मिळवला होता. त्याने सीटवरून एकदा हात फिरवला आणि क्राउझकडे वळला. "लिहा चेक. तिच्या नावाने लिहा. तिला नवं स्वयंपाकघर करायचंय."

क्राउझने मान डोलावली आणि तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. डोरीनने ते सांगितलं नाही. ती गॅरेजच्या कोपऱ्यात गेली, गवत कापायचं यंत्र बाजूला ओढलं आणि त्यामागे वाकली.

ती काय शोधतेय ते क्राउझला हारलनच्या आधी कळलं. "बाई, आधीच सांगून ठेवतो. मीटर एक मैल जरी हलला तरी माझा भाव तो राहणार नाही."

"राहू दे," डोरीन म्हणाली, आणि पेट्रोलचा डबा कानाशी धरून तिने हलवून पाहिला.