मुठीची पट्टी

“आधी मूठ बसू दे, मग नेम धर,” हे नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांचं सांगणं पाठ असूनही राजनंदिनीच्या गोळ्या डावीकडंच जायच्या. आज हुकलं असतं तर पोलिसातली नोकरी गेली असती. चाचणीआधी उस्तादांनी तिचा लहानसा पंजा बघितला, पिस्तुलाच्या मुठीची जाड पट्टी काढून बारीक बसवली. सगळ्या गोळ्या मधोमध लागल्या.

तिनं आईला, कमलबाईंना, फोन लावला. “पास झाले! मूठच जाड होती गं.”

“व्हय? म्या आपली माझ्याच मंगळवारच्या उपासात खोट काढत बसले व्हते.”

“मग आता येडेश्वरीचा नवस कशाला फेडतीस? पट्टी तर उस्तादांनी बदलली.”

“अन् उस्तादांच्या ध्यानात कुणी आणून दिलं?”

फोन ठेवून कमलबाईंनी खण-नारळ पिशवीत घातला आणि अनवाणीच येडेश्वरीच्या देवळाकडं, येरमाळ्याची वाट धरली.